थांबलं की मग काय?

ऑफिसात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे तिला ‘मगकाय’ म्हणत. कुणी मोठ्या उत्साहानं नवा नियम मांडला, फळ्यावर बाणबिण काढून दाखवले, की ती पेन्सिल केसांत खोचायची आणि शांतपणे विचारायची, “बरं. आणि हे थांबलं की मग काय?” सुरुवातीला लोक हसले, नंतर वैतागले, आणि शेवटी हे नावच पडलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. वाढदिवसाला कुणीतरी ‘मगकाय’ असं रंगवलेला कप दिला, तो तिनं ऑफिसातच ठेवला. घरी नेला असता तर नवऱ्यानं त्यात दाढीचा ब्रश ठेवला असता.

ही सवय तिला लहानपणापासूनची. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. हात सोन्यासारखा, पण विसरभोळेपणाही तसाच. काम सुरू करताना तळमजल्यावर ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लावायची आणि काम झालं की पाटी तिथंच सोडून, हत्यारांची पेटी उचलून घरी यायचं, हे ठरलेलं. हात धुताना आठवायचं. मग ते तिला, धाकट्या लेकीला, पिटाळायचे, “पळ, पाटी काढून आण.” ती पळत जायची. एकदा तिथं जिन्यावर एक जाडजूड बाई भाजीच्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन धापा टाकत बसलेल्या दिसल्या. तिनं पाटी काढली, बटण दाबलं आणि लिफ्ट आली. त्या बाईंनी आधी लिफ्टकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. त्या नजरेनं तिला जे शिकवलं ते पुढं कॉलेजात कुणाला शिकवता आलं नाही. लिफ्ट कधीच सुरू झाली होती, आणि पाटीवर भरवसा ठेवून माणसं चढत होती.

पुढं ती कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली, मुलं लहान असताना काही वर्षं घरी बसली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एका छोट्या कंपनीत पुन्हा कामाला लागली. तिथला प्रमुख तिच्याहून बराच लहान. कंपनी त्याच्या वडिलांची, म्हणून सगळे त्याला ‘छोटे साहेब’ म्हणत. मुलगा हुशार आणि मनानं चांगला, फक्त पायाला भिंगरी लावलेला. एक काम संपायच्या आत दुसऱ्याच्या मागं.

कंपनीचं काम होतं रूल इंजिनचं, म्हणजे नियमांवर चालणाऱ्या सिस्टिमचं. साध्या प्रोग्रामला आधी हे कर, मग ते कर, असं ओळीनं सांगावं लागतं. इथं तसं नसतं. इथं नुसते नियम लिहून ठेवायचे : अमुक असेल तर तमुक समज. मग बाहेरून एखादी नवी गोष्ट कळली की इंजिन आपणच सगळे नियम चाळतं, कुठला लागू पडतो ते बघतं आणि त्यातून निघणारी गोष्ट नोंदवून टाकतं. वरवर पाहिलं तर जादूच. पण ‘असेल तर’ म्हणणं सोपं असतं. ‘आता नाही’ हे कुणी सांगायचं, तिथं सगळं घोडं अडतं.

त्या वर्षी त्यांना एका वृद्धनिवासाचं काम मिळालं. तीन मजली इमारत, कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी धरायला कठडे, मोठ्या खिडक्यांचं जेवणघर आणि मागं बाग. सिस्टरनं टॅबलेटवर कुणाच्या नावापुढं ‘खोकला’ असं दाबलं की नियम कामाला लागायचे : खोकला असेल तर जेवणात पातळ सूप, खोकला असेल तर बागेचं दार उघडायचं नाही, खोकला असेल तर घरच्यांना निरोप.

हे नियम मंजूर झाले त्या मीटिंगमध्ये तिनं आपला प्रश्न विचारला होता.

“थांबला की सिस्टर नोंद काढून टाकतील,” छोटे साहेब म्हणाले.

“नोंद काढतील. पण सूप कोण काढेल?”

सगळे हसले. तेवढ्यात चहा आला, आणि चहाबरोबर विषयही गिळला गेला.

सिस्टिम बसवली. सगळे खूश झाले. आणि काही आठवड्यांनी मोठ्या सिस्टरचा फोन आला. वृद्धनिवासाचा सगळा कारभार त्या बघायच्या.

“तुमच्या सिस्टिमनं आमच्या बँडमास्तरांना सूपावर टांगून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “आणि त्याचा सूड ते माझ्यावर उगवतायत. कुणीतरी या, आणि लवकर या.”

ती दुसऱ्याच दिवशी गेली. जेवणघराच्या दाराशीच तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी चमच्यानं टेबलाच्या कडेवर ठेका धरला होता, आणि तो ठेका चांगला पक्का होता. बँडमास्तर म्हणजे उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांना टोकं काढलेले म्हातारे गृहस्थ. उभा जन्म ट्रंपेट वाजवण्यात गेलेला. समोर वाफाळतं सूप, आणि चेहरा असा की त्या सूपात कुणी बुडून मेलंय.

“तुम्हीच का त्या यंत्रवाल्या?” त्यांनी विचारलं.

“हो. काय झालं मास्तर?”

“मला खोकला झाला होता. होतो माणसाला. मग तो गेला. हे बघा.” त्यांनी खोल श्वास घेतला आणि सोडला. एकही खरखर नाही. “गेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सूप काही जात नाही. त्या समोरच्या गृहस्थांना पाव मिळतो, भाजी मिळते, तुकडा मोडून खाण्यासारखं काहीतरी मिळतं. मी मात्र पितोय. बागेच्या दाराशी गेलो की दार म्हणतं, नाही. आणि खोकला असलेल्यांनी ट्रंपेट वाजवायचा नाही, असा सिस्टरचा हुकूम. विचारलं तर म्हणतात, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय.”

“तसंच दिसतंय,” सिस्टर मागून म्हणाल्या. “मी माझ्या मनानं बदललं आणि उद्या काही झालं तर?”

तिनं टॅबलेट घेतला. खोकल्याची नोंद कधीच काढलेली होती. खोकला नव्हताच. पण खोकला असताना इंजिननं जे जे ठरवलं होतं, सूप, बंद दार, ते सगळं आपापल्या जागी घट्ट बसून होतं. कारण निघून गेलं होतं आणि पाटी तशीच राहिली होती. नियम लिहिणाऱ्यांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की असेल तर ठरव. नसेल तर विसर, असं कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिन बिचारं सांगितलं तेवढं करत होतं.

संध्याकाळी ऑफिसात तिनं हे सांगितलं तेव्हा छोटे साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, “तुम्ही विचारलं होतंत.” आणि लगेच बाह्या सरसावून बसले. “सोपं आहे. प्रत्येक नियमाला एक उलटा नियम लिहू. खोकला आला तर सूप लाव, खोकला गेला तर सूप काढ.”

“पण सूपाला दुसरंही काही कारण असलं तर?”

“बघू ते नंतर,” ते म्हणाले, आणि खरोखरच घरी जायच्या आधी सगळे उलटे नियम लिहून मोकळे झाले.

बँडमास्तरांना पाव मिळाला. त्यांनी ऑफिसात फोन करून तिचे आभारही मानले. पण त्या आभारांची ऊब जिरायच्या आत सिस्टरचा फोन पुन्हा आला. या वेळी छोटे साहेबही बरोबर निघाले.

तक्रार होती गणिताच्या बाईंची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांना खोकलाही होता आणि त्याच आठवड्यात त्यांची दाढही काढली होती. त्यामुळं त्यांना सूप मिळत होतं, आणि ते बरोबरच होतं. मग खोकला गेला. उलट्या नियमानं इमानेइतबारे सूप काढून टाकलं, आणि बाईंपुढं कडकडीत भाजलेला पाव येऊन बसला. सुजलेला गाल हातात धरून त्या त्या पावाकडे बघत होत्या.

“हा प्रताप कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझा,” छोटे साहेब म्हणाले. त्यांचा हा गुण होता, चूक झाली तर लपवाछपवी नाही.

“बसा इथं,” बाई म्हणाल्या, आणि ते शाळकरी पोरासारखे बसले. “मला सूप दोन कारणांनी होतं. त्यातलं एक गेलं. दुसरं इथं, या गालात आहे. एक गेल्याबरोबर तुम्ही सूप नेलंत. का?”

“विचार केला नाही.”

“ठीक आहे, आता करा,” बाई म्हणाल्या, आणि पाव त्यांच्यापुढं सरकवला. “तोवर हा खा. तुम्हाला दात आहेत.”

तो पाव चावत चावतच दोघांनी जेवणघरातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर नवं काम सुरू केलं. तिच्या डोक्यात ते बरेच दिवस घोळत होतं. उलटे नियम नकोतच. त्याऐवजी इंजिननं जे काही ठरवलं असेल ते कशाच्या जोरावर ठरवलं, हे त्यानं स्वतःच लक्षात ठेवावं. सूप कुणाच्या जिवावर उभं आहे? खोकल्याच्या आणि दाढेच्या. त्यातला खोकला गेला तर दाढेच्या जिवावर सूप राहील. दाढही बरी झाली, म्हणजे शेवटचा आधार गेला, की सूप आपोआप खाली बसेल. कुणी काढायला नको, कुणी सांगायला नको.

“म्हणजे उलटे नियम सगळे फेकायचे?” छोटे साहेब म्हणाले.

“सगळे.”

“मी घाम गाळून लिहिलेत हो.”

“म्हणूनच तुम्ही फेका.”

त्यांनी ते फेकले. नियमांची संख्या एकदम निम्म्यावर आली, आणि सिस्टिम वाचताना पहिल्यांदाच डोकं दुखलं नाही. मग त्यांनी चाचणी घेतली. सिस्टर टॅबलेटवर बाईंचा खोकला काढत, दाढ काढत, पुन्हा खोकला घालत, आणि आचारी स्वयंपाकघरातल्या स्क्रीनकडे बघून खिडकीतून ओरडून सांगत, “सूप आहे. आहे. अजून आहे. आता गेलं.” हा खेळ बघायला म्हाताऱ्यांची ही गर्दी जमली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तिनं मात्र सिस्टरना बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट विचारली. “खोकला गेला की तुम्ही लगेच नोंद काढता?”

सिस्टर जरा घुटमळल्या. “खरं सांगू? खोकला आला की ऐकू येतो. गेला की कोण ऐकतं? ध्यानात येईपर्यंत चार दिवस निघून जातात.”

यात सिस्टरचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. माणसाचं तसंच असतं. दुखायला लागलं तो क्षण सांगता येतो, दुखायचं थांबलं तो सांगता येत नाही. म्हणून तिनं एक भर घातली. कुठल्याही दुखण्याची नोंद आदल्या दिवसाची किंवा त्याहून जुनी असली की सकाळच्या फेरीच्या वेळी टॅबलेटनं सिस्टरना विचारायचं, अजून आहे का? छोटे साहेब म्हणाले, उत्तर आलं नाही तर नोंद काढून टाकू. ती म्हणाली, नाही. उत्तर आलं नाही म्हणजे खोकला गेला असं नाही, सिस्टर कामात असतील. उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं.

“म्हणजे माझ्या मागं भुणभुण,” सिस्टर म्हणाल्या.

“थोडीशी.”

“चालेल. मास्तरांच्या चमच्यापेक्षा बरी.”

आता सगळं सुरळीत होईल असं वाटत होतं, आणि झालंही. फक्त एक सोडून. आठवडाभरानं ती दुपारी नुसती विचारपूस करायला गेली, तर रात्रीच्या जेवणाला बँडमास्तरांपुढं अजून सूपच येत होतं.

“तुम्ही तर म्हणाला होतात की आता सगळं ठीक होईल,” ते कुरकुरले.

तिला धक्काच बसला. इंजिन चुकलं की काय? ती वृद्धनिवासाच्या ऑफिसात जाऊन नोंदी चाळायला बसली. इंजिन चुकलं नव्हतं. नोंदींप्रमाणं मास्तरांना खोकला होता. रोज दुपारी नसायचा, संध्याकाळी यायचा, आणि सिस्टरनी सकाळी विचारलं की पुन्हा गेलेला असायचा. एकही दिवस चुकलेला नव्हता. रोज पाचच्या सुमाराला खोकला, आणि त्यामागोमाग सूप. तिनं संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांच्या नोंदी शेजारी उघडल्या. पाचच्या सुमाराला बँडमास्तरांची मुलगी यायची.

ती बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली. “मास्तर, तुमचा खोकला घड्याळ बघून येतो का?”

मास्तरांनी मिशीचं टोक पिळलं. मग दुसरं पिळलं. इकडंतिकडं बघून म्हणाले, “हळू बोला.”

आणि त्यांनी सांगून टाकलं. मुलगी याच शहरात राहायची, शिवणकामाचं दुकान चालवायची. फोन करायची अधूनमधून, यायची सवड मिळेल तेव्हा. ती सवड फारशी मिळत नसे. मग एक दिवस सिस्टिमचा निरोप तिला गेला की वडिलांना खोकला आहे, आणि ती त्याच संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच यायला लागली. खोकला गेल्याचं तिला कुणी कळवलं नाही.

“ही मात्र तुमच्या यंत्राची चूक झकास झाली,” मास्तर म्हणाले. “आता तुम्ही सगळ्या चुका दुरुस्त करताय. ही एवढी राहू द्या की.”

“पण सूप?”

“सूप सोसतो मी. तिच्यासमोर थोडं खोकतो, सिस्टरना ऐकू जातं, त्या दाबतात. त्याला मी काय करू?”

तिला हसू आवरेना. पण प्रश्न खरा होता. सूप मागं घेता येतं, बंद दार उघडता येतं. गेलेला निरोप मागं घेता येत नाही. तो त्या मुलीच्या डोक्यात जाऊन बसलेला होता, आणि तिथं इंजिनचा हात पोचत नव्हता. त्यावर इलाज एकच, आता बरं आहे असा दुसरा निरोप. तो नियम लिहायचं तिनं ठरवलंच होतं. शंभरजणांच्या घरची माणसं विनाकारण काळजीत राहणार, हे काही बरोबर नव्हतं.

“मास्तर, मी सिस्टिमला खोटं शिकवणार नाही,” ती म्हणाली. “उद्या तो निरोप जाईल. त्याआधी तुम्हीच तिला सांगून टाका.”

“आणि मग ती आली नाही तर?”

पाच वाजत आले होते, तशी ती शेजारची खुर्ची सोडून समोर जाऊन बसली.

मुलगी आली. पन्नाशीची, गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकलेली, हातात पिशवी. आल्या आल्या तिनं वडिलांच्या कपाळाला हात लावला आणि खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी सवयीनं तोंडापाशी रुमाल नेला, खोकायला सुरुवात केली, आणि मग समोर बसलेल्या यंत्रवाल्या बाईंकडे बघून मध्येच थांबले.

“मला खोकला नाही,” ते एकदम म्हणाले.

“माहीत आहे,” मुलगी म्हणाली.

“म्हणजे?”

“बाबा, तुमचा खरा खोकला मी लहानपणापासून ऐकतेय. तो आला की शेजारची कुत्री भुंकायला लागायची. हा कसला खोकला? हा तर ठेक्यात आहे.”

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. “मग रोज येत का होतीस?”

मुलीनं गळ्यातली टेप काढून गुंडाळली. “पहिल्यांदा काळजीनं आले. मग लक्षात आलं की इथून घरी गेलं की मला बरं वाटतं. दुकानात दिवसभर बायका माझं डोकं खातात. इथं बसलं की शांत होतं.” आणि मग ती हसली. “शिवाय तुमचं सूप. तुम्ही दोन घोट घेऊन नाक मुरडता, उरलेलं सगळं मीच पिते. छान करतो तो आचारी. आता ते बंद होणार म्हणा.”

“बंद कशाला होतंय?” खिडकीतून आचारी म्हणाला. “एक वाटी तुमची वेगळी काढून ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणं निरोप गेला, आपल्या वडिलांना आता बरं आहे. त्या संध्याकाळी मुलगी आली. त्यानंतर रोज आली असं नाही. लग्नसराईत शिवणाचं काम वाढलं की चुकायची, पण मग फोन करून सांगायची. मास्तरांनी ट्रंपेट बाहेर काढला. इतक्या दिवसांनी ओठ लावल्यावर पहिला सूर असा काही फाटका निघाला की गणिताच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. चौथा-पाचवा सूर मात्र बऱ्यापैकी लागला, आणि मास्तर बागेत जाऊन वाजवायला लागले. दार आता नाही म्हणत नव्हतं.

ऑफिसातही थोडा फरक पडला. छोट्या साहेबांनी फर्मान काढलं की यापुढं नवा नियम मांडणाऱ्यानं, तो कशाच्या जोरावर उभा आहे आणि तो जोर गेला की काय होईल, हे स्वतःच सांगायचं. त्यामुळं मीटिंगा लांबल्या. लोक कुरकुरले. तिला मात्र आता विचारायला काही उरेना, आणि सुरुवातीला तिला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

वृद्धनिवासाचं काम पूर्ण झालं त्या दिवशी ती बसनं घरी निघाली होती. वाटेत तिच्या भावाचं घर लागायचं. आई हल्ली त्याच्याकडं राहायची. एरवी तिथं जायचं म्हणजे कुणाचं तरी औषध, कुणाची तरी सही, काहीतरी निमित्त लागायचं. आज काही नव्हतं. बस थांबली, आणि ती उतरली.

आईनं दार उघडलं, आणि लेकीला पाहताच तिचा चेहरा उतरला. “काय झालं? पोरं बरी आहेत ना?”

“बरी आहेत.”

“मग जावई?”

“तेही बरे आहेत. काही झालं नाही गं. सहज आले.”

आईचा विश्वास बसला नाही. तिनं तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, कपाळाला हात लावून बघितला, पाणी दिलं. मग समोर बसून तिला निरखत म्हणाली, “सहज आलीस तर मग जेवूनच जा.”